भावोजींची सावकाश शर्यत

मोटारींच्या शर्यतीत उतरलेला जगातला सगळ्यात सावकाश माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या भावोजींकडे बोट दाखवीन. हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुलुंडला दातांचा दवाखाना आहे. जेवायला बसले की ताईचा ओटा आवरून होतो, तरी ह्यांचा पहिला भात चाललेला असतो. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ह्यांच्या मागे अडकलेले रिक्षावाले "अंकल, चलो ना यार!" म्हणून हॉर्न मारमारून दमतात, आणि भावोजी आरशात बघून त्यांना हसून हात करतात. विक्रोळीहून घरी येताना एकदा चक्क दुधाच्या सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं होतं. तर असा हा माणूस चार वर्षं ओळीने डोक्यावर हेल्मेट चढवून शर्यतीला उभा राहिला, आणि पाचव्या वर्षीही राहिला. ती गोष्ट मला सांगायची आहे.

शर्यत म्हणजे टीव्हीवर दाखवतात तसली नव्हे. घाटावर एक खाजगी ट्रॅक आहे, तिथे दर वर्षी दसऱ्यानंतर हौशी लोकांची आठ तासांची शर्यत होते. गाडी जुनी आणि स्वस्तातलीच हवी, हा नियम. सकाळी झेंडा हलला की फिरत राहायचं, आळीपाळीने चालक बदलायचे, आणि संध्याकाळी ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. भावोजींचं म्हणणं असं, की ही शर्यत मुळात पळण्याची नाहीच. "अरे, जोरात पळणारे सगळे दुपारी बॉनेट उघडून डोक्याला हात लावून बसतात. आपण नुसतं थांबायचं नाही. एकदा दुरुस्तीला आत येऊन थांबलो की दहा वेळा जोरात पळालो तरी भरून निघत नाही." फारच रंगात आले की त्यांच्यातला कुडाळ जागा व्हायचा. "गाडी पळवूची नसता रे, टिकवूची असता!" हे ते दाढेत ड्रिल घातलेल्या पेशंटलासुद्धा सांगत. पेशंट बिचारा काय बोलणार? आ वासून पडलेला असायचा.

भावोजींचा सगळ्यात कडक नियम म्हणजे शर्यतीच्या दिवशी गाडीला नवीन काहीही लावायचं नाही. नवीन पट्टा, नवीन पाइप, नवीन नटसुद्धा नाही. प्रत्येक वस्तू आधी मुरली पाहिजे, असं ते म्हणत, आणि मुरवायचे म्हणजे तो भाग गाडीला लावून महिनाभर भाजी मार्केटला जायचे, नाहूरला पेशंटची कवळी पोचवायला जायचे, ऐरोलीच्या पुलावरून उगाच जाऊन परत यायचे. घरातही तेच. नवीन चप्पल आधी गच्चीवर चालून मुरवायची. नवा कुकर आधी नुसतं पाणी उकळून मुरवायचा. ताईचं स्थळ आलं तेव्हा ह्यांनी होकार द्यायला इतके महिने लावले, की आमचे बाबा चिडून दुसरीकडे बघायला निघाले होते. ताई अजून टोमणा मारते, "मलाही मुरवलं ह्यांनी, लोणच्यासारखं." भावोजी त्यावर मान डोलावतात आणि म्हणतात, "मग? खराब झालं का?"

दवाखान्यातली हत्यारं गाडीसाठी आणि गाडीची अक्कल दवाखान्यात, असा त्यांचा सरसकट कारभार. दातांमागे बघायचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा असतो ना, तो इंजिनाच्या मागे सरकवून ते तेलाची गळती शोधत. दात टोकरायच्या आकडीने कार्बुरेटरमधला कचरा काढत. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीखाली नुसते पाय दिसले आणि खालून "जरा मोठा आ करा" असं ऐकू आलं, तर समजायचं भावोजी रंगात आहेत. वरच्या मजल्यावरच्या एक आजी तर त्यांना बघून तोंडावर पदर घेत.

संघात आम्ही तिघं. भावोजी, त्यांचा जुना मित्र कांबळे, आणि मी. कांबळे भांडुपचा, वीज कंपनीत साहेब आहे आणि चालवतो झकास. त्याच्या पायात खरा वेग आहे, आणि तेच भावोजींचं खरं दुखणं होतं. कांबळे वळणावर गाडी जरा दामटायला लागला की भावोजी ट्रॅकच्या भिंतीवरून ओरडत, "कांबळे, मार खाशील हां!" मी घड्याळ सांभाळायचो आणि डबे उघडायचो. चालक बदलायची तालीम पार्किंगमध्ये व्हायची. पट्टे सोडून एकाने बाहेर पडायचं, दुसऱ्याने आत घुसून पट्टे आवळायचे. ताईचा कुकर स्वयंपाकघरात लावलेला असायचा, दुसरी शिट्टी व्हायच्या आत बदल झालाच पाहिजे. सोसायटीचे सेक्रेटरी कचरापेटीजवळ उभे राहून बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "डॉक्टर, नेमकं पळून कुणापासून जायचंय?"

एवढं सगळं करून आमचा संघ तोवर एकदाही शेवटपर्यंत पोचला नव्हता. एका वर्षी पंख्याचा पट्टा तुटला. एका वर्षी चाकाचं बेअरिंग गेलं. एकदा कांबळेने गाडी गवतात घातली आणि गवताखाली खड्डा निघाला. आणि मागल्या वर्षी तर कमालच झाली. पेट्रोल भरायला थांबायला नको म्हणून भावोजींनी इतकी काटकसर केली, की शेवटच्या फेरीत टाकी कोरडी पडली आणि गाडी झेंडा दिसेल इतक्या अंतरावर उभी राहिली. ढकलत आणलेली गाडी नियमात बसत नाही. परत येताना घाटात ते फक्त एकदा बोलले. "जिंकायचं नाही रे मला. चालू गाडीतून तो झेंडा एकदा बघायचाय."

आणि पाचवं वर्ष शेवटचंच होतं. आमच्या ताईची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची, नवीन होईपर्यंत नाहूरला भाड्याने राहायचं, आणि तिथे स्कूटर लावायलाही जागा नाही. शर्यतीच्या गाडीचं काय करायचं, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. भंगारवाला येऊन बघूनही गेला. तेव्हा ह्या वेळी पोचलो तर पोचलो.

त्या वर्षी ताई आली. चार वर्षं भावोजी दर वेळी विचारायचे आणि ही म्हणायची, "त्या डब्याला गोल गोल फिरताना बघायला मी कशाला येऊ?" ह्या वेळी न विचारता पहाटे साडी नेसून, डबे भरून गाडीत येऊन बसली. भावोजी इतके खूश झाले की टोलनाका येईपर्यंत चक्क गाणं म्हणत होते. ट्रॅकवर तपासणी झाली, गाडी रांगेत लागली, आणि ताईने पिशवीतून झेंडूचा तोरणासारखा जाड हार काढला. आंब्याची पानं लावलेला, आदल्या संध्याकाळी स्वतः ओवलेला. तिने तो पुढच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधला, कुंकू लावलं आणि नमस्कार केला. दसऱ्याला आपण सगळेच गाड्यांना हार घालतो, त्यात काय एवढं. पण ही शर्यतीची गाडी, आणि त्या जाळीच्या मागेच इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर.

मी भावोजींकडे बघितलं. नवीन नटसुद्धा न लावणारा माणूस. त्यांचं तोंड उघडलं. मग त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि म्हणाले, "गाठ घट्ट आहे ना गं?"

"घट्ट आहे," ताई म्हणाली.

कांबळे माझ्या कानात पुटपुटला, "वाट लागली." पण तोही गुपचूप गाडीत बसला. ताईपुढे त्याचंही काही चालत नाही.

दुपारपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. अंधेरीच्या जाहिरातवाल्या पोरांची आवाज करणारी गाडी धूर काढून बाजूला झाली, पुण्याच्या संघाचा गिअर अडकला, आणि आम्ही कुणालाही मागे न टाकता वर वर चढत होतो. मग कांबळे हात हलवत आत आला. गरमीचा काटा पार लाल रेघेला टेकलेला. भावोजींनी बॉनेट उघडलं. वाऱ्याने हाराच्या पार चिंध्या झाल्या होत्या आणि झेंडूच्या पाकळ्या, पानं, दोरा, सगळं रेडिएटरच्या बारीक फटींत जाऊन गच्च बसलं होतं. भावोजी शांतपणे खाली बसले, खिशातून दात टोकरायची आकडी काढली आणि एक एक पाकळी उपसायला लागले. आमच्याशेजारून बाकीच्या गाड्या सूं सूं जात होत्या. कांबळे नुसता येरझारा घालत होता.

तेवढ्यात ताई ताक घेऊन आली. "काय झालं हो?"

"काही नाही गं. जुना पाइप होता एक, तो गळला," भावोजी वर न बघता म्हणाले. त्यांच्या मांडीवर, बुटांवर, आजूबाजूला सगळीकडे केशरी पाकळ्या पडल्या होत्या.

ताईने त्या पाकळ्यांकडे बघितलं. माझी बहीण काही खुळी नाही. "बरं," एवढंच म्हणाली, ताकाचा पेला त्यांच्या हाताशी ठेवला आणि गेली. खुर्चीत नाही बसली. ट्रॅकच्या भिंतीला जाऊन उभी राहिली ती शेवटपर्यंत उभीच.

इंजिनाला व्हायची ती इजा झाली होती. आतलं पाणी अडवणारं गॅस्केट फुटायला लागलं होतं, पाणी कमी कमी होत होतं. कांबळे म्हणाला, "डॉक्टर, मी जोरात काढतो, जेवढ्या होतील तेवढ्या फेऱ्या मारू. जाईल तेव्हा जाईल." भावोजींनी हेल्मेट उचललं. "नाही. आता माझं काम." आत बसले, पट्टे आवळले, काचा खाली केल्या आणि गाडीचा हीटर पूर्ण लावला. हीटर लावला की इंजिनाची गरमी थोडी आत ओढली जाते, इंजिन वाचतं. आत बसलेला माणूस मात्र भाजून निघतो. ऑक्टोबरची दुपार, डोक्यावर हेल्मेट, अंगावर शर्यतीचा जाड सूट, आणि समोरून गरम वारा.

मग मी जे बघितलं ते मला आयुष्यभर पुरेल. आमचे भावोजी मुलुंडच्या भाजी मार्केटला निघाल्यासारखे ट्रॅकच्या कडेकडेने निघाले. चढ आला की पाय हलका, उतार आला की गाडी आपली आपण जाऊ द्यायची. सगळे त्यांना मागे टाकत होते. एकाने हॉर्न मारला असता तर त्यालाही त्यांनी हात केला असता. दर फेरीला समोरून जाताना त्यांचा चेहरा आणखी लाल दिसायचा. ताईने मला विचारलं, "एवढे घामाघूम का झालेत रे?" मी सांगितलं, हीटर लावलाय म्हणून. ती पदराचं टोक दातात धरून बघत राहिली. मला तेव्हा त्या माणसाबद्दल इतकं वाटलं, की शब्दांत सांगायला गेलो तर ओशाळल्यासारखं होईल. पण सांगून टाकतो. माझ्या बहिणीला चांगला माणूस मिळाला.

संध्याकाळी काळा-पांढरा झेंडा हलला, आणि त्याच्या खालून, वाफा सोडत, गुरगुरत, आमची गाडी गेली. स्वतःच्या चाकांवर. शेवटून तिसरी. कांबळे लहान मुलासारखा उड्या मारत होता, मी ओरडत होतो, माझा घसा बसला.

गाडी आत येऊन उभी राहिली. भावोजी मात्र बाहेर येईनात. हेल्मेट काढून मांडीवर घेतलेलं, केस ओले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि इंजिन चालूच. कांबळे म्हणाला, "डॉक्टर, बंद करा, जळेल पार."

"थांब रे जरा," भावोजी म्हणाले. "एकदा बंद केली की ही परत चालू व्हायची नाही."

मग आम्हीही उभे राहिलो. आजूबाजूला लोक तंबू आवरत होते, चहा पीत होते. गाडी कशीबशी, अडखळत चालली होती. ताई खिडकीशी आली. त्यांच्या कपाळावरचा घाम तिने पदराने पुसला, सगळ्यांच्या समोर, जे तिने माझ्या देखत कधी केलं नव्हतं.

"पोचलात ना," ती म्हणाली.

"पोचलो," भावोजी म्हणाले. "तूच कर गं बंद. माझा हात होत नाही."

ताईने खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली सावकाश, अगदी सावकाश फिरवली.