गुळाच्या तुलेतली पोर

अनुजाचा पदर डाव्या खांद्यावर टिकेनासा झाला, तेव्हा तिने आधी साडीलाच दोष दिला. दादरच्या दुकानात ती गिऱ्हाइकांना साड्या स्वतःच्या अंगावर टाकून दाखवायची. पुढे जिना चढताना धाप लागू लागली आणि साडी बिचारी निर्दोष सुटली.

जन्मापासून तिच्या पाठीचा एक मणका अर्धवट होता. चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं, पाठ सरळ झाली. तिची आई, कमल, गावच्या देवीला नवस बोलली होती. पोर ताठ उभी राहिली आणि एका पारड्यात ती, दुसऱ्यात गूळ, अशी वाजतगाजत तुला झाली. त्यांची लालबागची निम्मी चाळ त्यासाठी मालवणला लोटली होती. देवीने बरी केलेली मुलगी म्हणून अनुजा पुढे कायम मिरवत आली. मिरवायला कुणाला आवडत नाही?

आता चौतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि सोबत आलेल्या कमलला विचारलं, "वाढीच्या वयात तपासायला आणलं नाहीत? तेव्हा छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं. आता पाठीला पुन्हा आलेला बाक वर सरकून खांदा झुकवतोय, फुप्फुस दाबतोय. ऑपरेशन मोठं आहे, आणि धोक्याचं."

"आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," अनुजा म्हणाली. शेजारी कमल पदराचं टोक पिळत होती.

बाहेर आल्यावर अनुजाने विचारलं, "आई, सांगितलं होतं?"

"दरवर्षी आणा म्हणालेले," कमल पुटपुटली. "पण नवस फेडल्यावर परत डॉक्टराकडे गेलो तर देवीक काय वाटला असता? ह्यांचो इश्वास नाय म्हणान?"

देवी कधी रागावली नव्हती. रागावेल म्हणून कमलनेच धसका घेतला होता. बाराव्या वर्षी पाठ दुखते म्हटलं की ती अंगारा लावायची आणि वर दटावायची, "नाटका नको, देवी बघता." तो अंगारा आठवून अनुजाने कपाळ खसखसून पुसलं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या. इथे जन्मदात्रीनेच केसाने गळा कापला होता.

कमलने हात जोडले. "बरी हो गो बाय. परत तुझी गुळाची तुला करतंय."

"नवस बोललीस तू," अनुजा म्हणाली, "आणि फेडतेय मी."

एरवी जिन्यावर ती आईला हात द्यायची. आज भिंतीला टेकत, धापा टाकत, ती एकटीच खाली उतरली.