विदेशी शाखेचा सभ्य माणूस

ती घटना आजही आठवते ती रिकाम्या ताटामुळे. बाकीच्या केसेस मला रक्तानं, दरोड्यांनी नाहीतर पाठलागांनी आठवतात. पाठलाग तर मी इतके केले की रायपूर-दुर्ग रस्त्यावर जे खड्डे दिसतात त्यांतले निम्मे माझ्या जीपचे आहेत. पण ही केस सुरू झाली गणपतीच्या पंगतीत, श्रीखंडावरून.

मी तेव्हा रायपुरात पोलीस निरीक्षक होतो. निरीक्षकाला तिकडे सगळे टी.आय. साहेब म्हणतात. वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर आलेले, म्हणून मी रक्तानं वऱ्हाडी, हवापाण्यानं छत्तीसगढी आणि भुकेच्या बाबतीत दोन्ही. त्या वर्षी परदेशी नागरिकांची शाखा माझ्या गळ्यात पडली होती. शिकायला किंवा कारखान्यांत कामाला परदेशातून आलेल्या लोकांची नोंद ठेवायची, मुक्कामाची मुदत वाढवून द्यायची, राहतात तो पत्ता खरा आहे की नाही ते पाहायचं, हे आमचं काम. अर्ज संगणकावरून येतो, पण पत्ता पाहायला अजूनही पायांचा माणूसच पाठवावा लागतो. आमच्याकडे असा माणूस एकच होता, एक जाडजूड हवालदार. तो खुर्चीतून उठला की खुर्ची सुटकेचा आवाज करायची.

तर पंगत. मराठी मंडळाची. ब्राह्मणपाऱ्यातल्या एक काकू श्रीखंड वाढत होत्या. रेल्वेतल्या हेडक्लार्कच्या पत्नी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज माझ्याहून मोठा. डाव्या बाजूच्या वकिलांना त्यांनी भरघोस वाढलं, उजवीकडच्या डॉक्टरांना वाढलं आणि माझं ताट ओलांडून पुढं गेल्या.

"काकू, इकडं राहिलं!" मी म्हणालो.

"राहू द्या," त्या मागं न बघता म्हणाल्या. "तुमच्या पोटात जागा कुठं आहे, भाऊ? तुमचे लोक माझ्या पोट्टीचं खाऊन राहिले, ते पचू द्या आधी."

पंगतीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दरोडेखोरांच्या टोळीसमोर मी एकटा उभा राहिलो आहे, पण त्या दिवशी मला मठ्ठ्याच्या वाटीत तोंड लपवावंसं वाटलं. हात धुतले आणि काकूंना मांडवामागं गाठलं.

"कोणती पोट्टी, काकू? तुम्हाला तर दोन्ही मुलगेच."

"वरच्या खोलीतली. टांझानियाची आहे. औषधांचं शिकून राहिली. कोणी खोली देईना तिले, मी देली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या मुलीच्या मुक्कामाची मुदत संपत आली होती. एक माणूस घरी आला, 'विदेशी शाखा का काम है' म्हणाला, पत्ता पाहिला आणि पडताळणीची फी म्हणून पैसे घेऊन गेला. पुन्हा आला, फाईल पुढं सरकवायची फी घेऊन गेला. आता त्यानं भलीमोठी रक्कम मागितली होती. नाही दिली तर वाईट शेरा जाईल आणि परीक्षेआधीच परत जावं लागेल, असं सांगून गेला होता. बापानं जमीन विकून शिकायला पाठवलेली पोरगी. परीक्षा तोंडावर आली होती आणि ती पुस्तकं मिटून बॅग भरत बसली होती.

"तुम्ही आधी काहून नाही सांगितलं मला?"

"कोणाले सांगू? पोलीसच खात असंल तर तक्रार कुठं करायची, तुम्हीच सांगा."

श्रीखंड न खाता मी घरी गेलो. बायकोनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला समोर उभं केलं. माझा आवाज तेव्हा असा होता की मी कार्यालयात बोललो तर तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला आलेले लोक पाऊस येतोय समजून घरी परतायचे. हवालदाराचे कान लाल झाले.

"साहब, बच्चों की कसम! मैं तो उस गली में अभी तक गया ही नहीं."

"अर्ज किती दिवसांचा पडलाय?"

"वही तो बोल रहा हूँ साहब. गया ही नहीं."

म्हणजे न गेल्याचा गुन्हा तो आनंदानं कबूल करत होता, कारण त्यातून दुसरा सुटत होता. मला तरीही संशय होताच. अशा वेळी आपल्याच माणसाची बाजू घेणारा अधिकारी लवकर फसतो.

मुलगी कार्यालयात यायला तयार नव्हती. काकूंनी तिला हाताला धरून आणलं. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, कधीही उठून पळता यावं अशी. हिंदी तोडकं, पण होकार द्यायला मध्येच काकूंकडे बघून "हव, काकू" म्हणायची ते अस्सल रायपुरी. हवालदाराला दाराशी उभं करून मी विचारलं, "ये है वो आदमी?"

तिनं नीट पाहिलं. "नहीं सर. वो पतला है. बहुत अच्छा आदमी."

"अच्छा? पैसे ले गया और अच्छा?"

"हव. नमस्ते बोलता है. जूता बाहर खोलता है. पानी पीकर ग्लास खुद अंदर रखता है."

मी पेन खाली ठेवलं. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर अपमान आणि सुटका एकाच वेळी उमटली होती.

"साहब," तो म्हणाला, "अपने में ऐसा कौन है?"

कोणीच नव्हता. माझ्या सगळ्या नोकरीत चौकशीला गेलेल्या शिपायानं दारात बूट काढलेले मी पाहिलेले नाहीत. आमचा माणूस उंबऱ्यातच उभा राहतो, आत आला तर सर्वांत चांगल्या खुर्चीवर बसतो, आणि पाण्याचा ग्लास आत नेऊन ठेवला तर त्याची बदली होईल असं त्याला वाटतं. हा माणूस आमचा नव्हता. हा चांगल्या घरातला चोर होता.

मग सापळा. काकूंनी त्यानं देऊन ठेवलेल्या नंबरवर फोन करून पैसे तयार असल्याचं सांगितलं. शेजारच्या घरात दोन शिपाई बसवले, आणि मी स्वतः काकूंच्या बैठकीत लुंगी-बनियनवर मटार सोलत बसलो. ब्राह्मणपाऱ्याची ती गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातली भाजी आपल्याच घरात जळाल्यासारखी वाटते, म्हणून जीप मी पार दूर ठेवली होती. मिशा तेवढ्या लपत नव्हत्या. त्यांवर काकूंनी चिमूटभर पीठ टाकलं, मी म्हातारा दिसावा म्हणून. मला शिंका येत राहिल्या.

तो आला. बूट बाहेर काढले, मोजे बुटांत नीट कोंबले, हात जोडले. इस्त्रीचा शर्ट, कडेला पाडलेला भांग. खरं सांगतो, माझ्या पोरीसाठी असं स्थळ आलं असतं तर मी पसंत केलं असतं.

"ये कौन हैं, माताजी?"

मी तोंड उघडणार तोच काकू म्हणाल्या, "मेरा भाई है, अकोला का. ऐकू कमी येते त्याले. सुनता कम है."

ठरलं नव्हतं हे. पण आता मी बहिरा होतो. मी मटार सोलत राहिलो.

"देखिए माताजी," तो हळूच म्हणाला, "जिस घर में विदेशी रहते हैं, वहाँ मेहमान की भी एंट्री लगती है. उसका अलग से होगा."

"याचं काय घेता?" काकू म्हणाल्या. "ये तो फुकट में भी महँगा है."

सांगायला हरकत नाही, त्या वाक्याला मी हसलो नाही ही माझ्या नोकरीतली सर्वांत अवघड कामगिरी. तेवढ्यात मुलगी पाकीट घेऊन खाली आली. पाकिटातल्या नोटांवर आम्ही आधीच पंचांसमोर खुणा केल्या होत्या. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं.

"भैया," मी म्हाताऱ्या आवाजात विचारलं, "रसीद?"

तो माझ्या कानाशी वाकला आणि समजावून ओरडला, "दादाजी! ऐसे काम की रसीद नहीं मिलती!"

मी उभा राहिलो. लुंगी सावरत माझं नाव आणि हुद्दा सांगितला. शिपाई दारात आले. तो पळाला नाही, रडला नाही. पाकीट टेबलावर ठेवून हात जोडून म्हणाला, "नमस्ते सर. आप तो सुन लेते हैं."

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, मुद्देमाल जप्त केला आणि चौकशीला बसलो. भल्याभल्यांना मी नुसत्या खाकरण्यानं बोलतं केलंय, पण या माणसावर आवाज चढवायची सोयच नव्हती. प्रत्येक वाक्याआधी 'सर' म्हणायचा.

"पोलिसाची बतावणी करतोस?"

"सर, मैंने एक बार भी नहीं कहा कि मैं पुलिस हूँ. मैं तो कहता था, विदेशी शाखा का काम है."

मुलीचा आणि काकूंचा जबाब पुन्हा काढून पाहिला. खरंच, त्यानं तसं कुठंही म्हटलेलं नव्हतं.

माहिती कुठून मिळायची तेही निघालं. तेलीबांध्याला अर्ज भरून देणारं एक दुकान होतं, परदेशी मुलं तिथंच संगणकावर कागद चढवायची. दुकानदार याचा साडू. कोणाची मुदत कधी संपते ते तो सांगायचा आणि हा घरी जायचा. तेलीबांध्याच्या फ्लॅटांत, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातल्या परदेशी तंत्रज्ञाकडे, किती तरी ठिकाणी जाऊन आला होता. एकही तक्रार नाही.

शेवटी मी कंटाळून चहा मागवला. त्यालाही दिला. म्हटलं, "एक सांग. इतक्या घरांत गेलास, एकानंही ओळखपत्र मागितलं नाही?"

त्यानं कप खाली ठेवला. "सर, शुरू में एक-दो ने पूछा था. फिर जैसे ही मैंने पैसे माँगे, सबको विश्वास हो गया."

एवढंच. कोणताही टोमणा नाही, उद्धटपणा नाही. अर्ज कसा भरावा ते सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. दाराशी उभ्या हवालदारानं नजर खाली घातली. त्याला बनावट ओळखपत्र छापावं लागलंच नव्हतं. ते आमच्या खात्यानं, आमच्या चहापाण्यानं त्याच्यासाठी आधीच छापून ठेवलेलं होतं.

संध्याकाळी हवालदार स्वतःहून ब्राह्मणपाऱ्यात गेला आणि पत्ता पाहून आला. मुलीची मुदत वाढली, तिनं बॅग रिकामी केली आणि परीक्षेला बसली. दुकान बंद झालं. आणि मग एकेक करून लोक आमच्या शाखेत यायला लागले. उरल्याचा तो तंत्रज्ञ आला, तेलीबांध्याची मुलं आली. प्रत्येक जण दारात थोडा घुटमळायचा. आत येऊन जबाब द्यायचा. त्या प्रत्येकाचा मी ऋणी आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यानं लुबाडलं असं वाटतं त्याच्याच दारात तक्रार घेऊन जाणं किती कठीण असतं, ते मला माझ्या देशात माझ्या गणवेशात बसून कधीच कळलं नसतं.

काकूंचा तर ऋणी आहेच. पुढारी, मंत्री, वरिष्ठ, सगळ्यांनी माझ्या ताटात आदरानं वाढलं. एका बाईनं वाढलं नाही म्हणून ही केस उभी राहिली. पोलिसाच्या आयुष्यात वाढणारे पुष्कळ भेटतात. ताट ओलांडून जाणारं एखादंच माणूस भेटतं, आणि तेच उपयोगाचं असतं. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

परीक्षेच्या निकालानंतर ती मुलगी परत जायच्या कागदासाठी कार्यालयात आली. या वेळी एकटी. मी आतल्या खोलीत होतो, पडदा ओढलेला होता. बाहेर हवालदार नेहमीप्रमाणे स्टँपपॅड शोधत होता.

"भैया, और कितना टाइम लगाओगे?" तिचा आवाज आला. काकूंचाच सूर, काकूंचीच पट्टी. "सुबह से बैठी हूँ! मेरी ट्रेन है. काम नहीं आता तो साहब को बुलाओ!"

"हो रहा है, दीदी, हो रहा है," हवालदार गडबडीनं म्हणाला. ड्रॉवर उघडल्याचे, आपटल्याचे आवाज आले.

ती अजून बोलतच होती. खुर्चीवर टेकून बसली होती, पडद्याच्या फटीतून दिसत होतं. मला पदकं मिळाली आहेत, घरात काचेच्या कपाटात आहेत. पण पोलीस कार्यालयात बसून पोलिसालाच न घाबरता रागावणारी ती परदेशी पोरगी ऐकताना मला जे मिळालं ते कोणत्या कपाटात ठेवायचं मला माहीत नाही. मी बाहेर गेलो नाही. तिला हवं तितकं बोलू दिलं.