घरातल्या बाईचा आवाज

"लॅरिंक्सचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र. माझंच, पण सांगितलं माझ्या यजमानांना. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते.

ही साठ सालाच्या आसपासची, बंगलोरची गोष्ट. माझा आवाज बसून बरेच महिने झाले होते. आधीच्या डॉक्टरांनी "बायकांच्या मनाचं असतं" म्हणून टॉनिक दिलं होतं.

त्याच सुमारास माझे थोरले दीर, अण्णा, यांनाही हाच रोग निघाला. ते वकील. कोर्टात आवाज घोगरा येताच त्यांच्या घशात आरसा घालून तपासणी झाली. "वकिलाचा आवाज वाचवायला हवा," म्हणून त्यांना डीप एक्स-रे द्यायचं ठरलं. म्हणजे किरणांनी गाठ जाळायची.

मला लॅरिंजेक्टॉमी सांगितली. स्वरयंत्र पूर्ण काढायचं, श्वासाला गळ्यात भोक ठेवायचं.

"हिलाही किरणं नाही चालणार?" यजमानांनी विचारलं.

"गाठ वाढलीय. तरी देऊन बघता येतील. पण बाई घरातच असतात ना? मग आवाजासाठी धोका कशाला?"

"सरी, तसंच करा," यजमान म्हणाले.

मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मला विचारा की."

"तू बोलू नकोस. घशाला ताण पडेल."

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर नर्सला हाक मारायला गेले. गळ्यातून नुसता वारा आला. घरी माझी धाकटी मुलगी ते भोक बघून आजीच्या पदराआड लपली. सासूबाई माझ्यादेखत आल्यागेल्यांना सांगत, "आता घर स्वल्प शांत झालं."

अण्णा पुन्हा कोर्टात उभे राहिले. त्या दिवशी घरात शेवयांचं पायसम झालं. मी ते सगळ्यांना वाढलं.

वर्ष व्हायच्या आत त्यांची गाठ परत आली. आता ऑपरेशनच, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं." त्यांनी ऑपरेशन करून घेतलं नाही, आणि पुढे श्वास कोंडून ते गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "तो गेला आणि तू राहिलीस."

"ऑपरेशन झालं म्हणून वाचलात," डॉक्टर म्हणाले. खरं आहे ते. मी जिवंत आहे, पाटीवर लिहून बोलते, आणि त्यांच्या हातांचे उपकार मानते.

पण तुमच्यापैकी कुणा बाईला हा रोग निघाला, तर आवाज आहे तोवर स्वतः विचारा. कदाचित मीही ऑपरेशनच निवडलं असतं. ते आता मलाही कळणार नाही.