झांबेझी सरांची धास्ती

आमचे झांबेझी सर तोंड धुताना दोन्ही डोळे एकदम कधीच मिटत नसत. अर्ध्या चेहऱ्याला साबण लावायचा, तो डोळा धुवायचा, मग दुसरी बाजू. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घरामागच्या नळाशी हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. पाणी बादलीभर आणि त्याच्यावर एवढा पहारा! गल्लीतली पोरं त्यांना मगरमास्तर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. मगर म्हटलं की माणूस सावध होतो, म्हणू द्या, असं त्यांचं म्हणणं.

सर निझामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर मराठीत आले, भूगोलाचे मास्तर झाले आणि पुढं आफ्रिकेत, झांबेझी नदीच्या काठी बरीच वर्षं शिकवून परतले. उर्दूतला एक शब्द मात्र त्यांनी सोडला नव्हता, एहतियात. सावधगिरी हा शब्द त्यांना पुस्तकातला वाटे. "एहतियात अंगात असावी लागते," ते म्हणत.

मी फुलंब्रीकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी आजही कुणालाही सांगतो. बी.एड. झालो आणि नेमणूक मिळाली ती झांबियात, त्याच नदीकाठच्या एका शाळेत. लग्न नुकतंच झालेलं, बायकोही बरोबर यायची होती. कुणीतरी म्हणालं, सरांना भेटून जा. मला वाटलं, पगारपाणी, हवामान असं काही सांगतील. त्यांनी फरशीवर खडूनं लांबलचक नदी काढली आणि निघेपर्यंत दर रविवारी मला तिच्या काठी बसवलं.

आधी नावं. मोसी-ओआ-तुन्या म्हणजे गरजणारा धूर, तो मोठा धबधबा. कारिबा म्हणजे सापळा. काहोरा बासा म्हणजे काम संपलं, कारण नावाड्यांना तिथून पुढं जाताच येत नसे. धबधब्याचं इंग्रजी नाव घेतलं की सर चिडत. "राणीचं नाव ऐकून माणूस बघायला जातो," ते म्हणत. "गरजणारा धूर म्हटलं की आधी पाय थांबतो."

मग जनावरं. सिंहाचं त्यांना काही वाटत नसे. पाणघोड्याचं मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत. दिवसभर म्हशीसारखा पाण्यात पडून राहतो, दिवस कलला की चरायला वर येतो, आणि त्याच्या नि पाण्याच्या मध्ये माणूस सापडला की त्याला सोडत नाही. मगरीबद्दल आवाज खाली जाई. "दिसते तिला भिऊ नका. काल दिसली आणि आज दिसत नाही, तिला भ्या."

एकदा मी आईला घेऊन गेलो. सर तिला धीर देतील, अशी माझी समजूत. आईनं विचारलं, "तिकडं जनावरं मानसं खातेत म्हनं?"

"व्हय माय, खातात," सर म्हणाले.

परतताना एस.टी.त आई माझा हात धरूनच बसली. मला सरांचा लई राग आला. शेवटच्या रविवारी तो बाहेर पडलाच. एवढी वर्षं राहिलात, तुम्हाला काय झालं, असं मी तोंडावर विचारलं.

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांच्याबरोबर गुलमंडीचे एक मास्तर गेले होते, पिढीजात भिक्षुकीच्या घरातले. नवे असतानाच दोघं सकाळी नदीवर गेले. एवढं पाणी त्या मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते गुडघाभर पाण्यात उतरले, सूर्याला अर्घ्य द्यायला ओंजळ भरली आणि डोळे मिटले. सर काठावर त्यांचा सदरा सांभाळत उभे होते.

"आवाजसुद्धा झाला नाही," सर म्हणाले. "मी मान वर केली तर नुसतं पाणी." मग म्हणाले, "नदी दिसली की आपले हात आपोआप जोडले जातात. जोडा. डोळे मिटू नका."

गुलमंडीत त्या मास्तरांच्या बायकोला सांगायला सरच गेले होते.

तिकडं पोचून महिना झाला नव्हता. एका दुपारी शाळेतून आलो तर घरात बायको नाही. ट्रंक उघडी. आईनं तिच्याबरोबर खण, नारळ, हळदकुंकू दिलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. नव्या गावी गेल्यावर तिथल्या नदीची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर.

मी पळत सुटलो. उंच गवतात एक रुंद, दबलेली वाट खाली जात होती. ती पाणघोड्यांची वाट. बायकोनं तिला पायवाट समजून धरलेली. खाली पाण्याला लागून ती उकिडवी बसली होती, पदर डोक्यावर, ओंजळीत खण-नारळ, ओठ हलत होते आणि डोळे मिटलेले. समोरचं पाणी स्वच्छ होतं. त्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि धास्ती त्याचीच होती.

हाक मारली तर दचकून पुढं पडेल, म्हणून मारली नाही. मागून जाऊन मनगट धरलं आणि फरफटत वर ओढली. बांगड्या फुटल्या, रक्त आलं. "अहो, ओटी राहिली ना," एवढंच ती म्हणाली. नारळ तिच्या हातून सुटून तरंगत निघाला होता. थोडा लांब गेला आणि एकदम खाली ओढला गेला. पाणी परत सपाट झालं. आम्ही दोघं एकमेकांना धरून बघत राहिलो.

पहिल्या रजेवर आलो तेव्हा दोघं मिळून पुंडलिकनगरला गेलो. सर खाटेला लागले होते. ती आमची शेवटची भेट. मी सगळं सांगितलं, अगदी तपशिलानं, आणि खरं तर शाबासकीची वाट पाहत होतो. सरांनी मात्र बायकोला जवळ बोलावलं, तिच्या मनगटावरचा व्रण पाहिला. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून आपल्या पत्नीला हाक मारली.

"अहो, ऐकलं का? ही दोघंही परत आली. चहा टाका."