काशिनाथचं टिपण

काशिनाथ आमच्या कारखान्याच्या गेटवर एकवीस वर्षं होता. तंजावर मराठी घरातला, जन्म चेन्नईतला, बोलण्यात निम्मं तमिळ. संरक्षण खात्याचा कारखाना, त्यामुळे बॅटरीवर चालणारं काहीही गेटवरच्या खणात ठेवायचं आणि टोकन घेऊन आत जायचं. हरिप्रसाद फिटरच्या कानातलं यंत्रही त्यानं असंच काढून घेतलं. वरून विचारणा झाली तेव्हा सुवाच्य अक्षरात टिपण दिलं: अंगावर असली तरी बॅटरीची वस्तू आत जाणार नाही. साहेबांनी खाली सही ठोकली. हरिप्रसादनं चार महिने काही ऐकू न येता काम केलं, लोकांची थट्टा सोसली आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मला काशिनाथचा संताप आला होता. तोंड मात्र उघडलं नाही, हे माझंही पाप.

पुढे बढती मिळून तो माझ्याच स्टोअरमध्ये आला. त्याला तिशीपासून मधुमेह, रोज चार सुया. पन्नाशीनंतर साखर एकाएकी उतरायला लागली आणि उतरतेय हे त्याला कळेनासं झालं. दोनदा रॅकला धरून बरळत असलेला मलाच सापडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इन्सुलिनचा पंप घ्या. साखर उतरू लागली की तो आपणहून थांबतो. नाहीतर एक दिवस उठणार नाही.

मुलीला, देविकाला, बिननळीचा पंप हवा होता. तो फोनसारख्या हँडसेटवर चालतो. हँडसेट गेटवर अडकेल म्हणून काशिनाथनं नळीचा निवडला, त्याची बटणं पंपावरच असतात. एवढा बारीक विचार केला आणि पंपालाही बॅटरी असते हे गेटवर आयुष्य काढलेला माणूस विसरला. औषध कोण अडवेल, असं वाटलं असणार. हरिप्रसादलाही तसंच वाटलं होतं.

गेटवर आता लावण्या नावाची रखवालदार होती, त्यानंच शिकवून तयार केलेली. तिनं त्याचंच टिपण त्याच्यापुढे धरलं. ती रडवेली झाली होती, पण हटली नाही. पंप सतत अंगाला जोडलेला लागतो, नऊ तास खणात ठेवून चालत नाही. तो घरी कपाटात गेला आणि सुया पुन्हा सुरू झाल्या.

त्यानं अर्ज केला. दोन महिन्यांनी ऑफिसनं कळवलं की जुना निर्णय आड येतो. अशा वस्तू वैद्यकीय गरजेच्या असतात आणि त्या काढून घेतल्यानं त्रास झाला, असं हरिप्रसादनं लिहून दिलं तर फेरविचार होईल.

"माझंच अक्षर आड आलं, पा," काशिनाथ त्याच्या तमिळ सवयीनं म्हणाला. मला त्याची कीव आली आणि बरंही वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटते.

रविवारी आम्ही तांबरमला हरिप्रसादच्या घरी गेलो. हरिप्रसादच्या बायकोनं कॉफी दिली. त्यानं हसून बसायला सांगितलं, देविकाची चौकशी केली. काशिनाथनं पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढलं, घसा साफ केला.

हरिप्रसादनं कागदाकडे पाहिलं. मग कानातलं यंत्र काढलं, टेबलावर कॉफीच्या पेल्याजवळ ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "आता बोला."