साडू, झेंडी आणि वीट

समस्त आप्तेष्टांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या जगात सावधपणा म्हणून जेवढा तयार झाला, त्याचा निम्म्याहून जास्त साठा दौंडला माझ्या थोरल्या साडूंच्या घरी आहे. उरलेल्यात बाकीच्या जगाने भागवून घ्यावे.

साडू मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाले तरी हिरवी झेंडी हातातून सुटली नाही. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, गॅसवर कुकर चढवायची तेव्हाही हे दारातून झेंडी दाखवत. शिवाय प्रत्येक वस्तूची जोडी हवी. चष्मे दोन, छत्र्या दोन. स्वतःच्या लग्नात त्यांनी अंतरपाटही दोन आणले होते. "ऐन मंगलाष्टकात एक फाटला, तर?" भटजींनी दुसराही खांद्यावर टाकून ठेवला. एकुलती लेक कॅनडाला निघाली, तेव्हा विमानतळाच्या काचेपलीकडून तिने वळून हात केला. आणि जन्मभर अनोळखी स्टेशनमास्तरांना झेंडी दाखवलेला हा माणूस नेमका तेव्हाच मान खाली घालून तिच्या तिकिटाच्या झेरॉक्स तपासत होता. "सगळ्या हायेत," म्हणून मान वर केली, तोवर ती आत गेली होती.

जाताना लेकीने आपलं टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र मागे ठेवलं. कंपनीने त्याला घातलेलं कुलूप तिने उघडलं होतं, त्यामुळे घरी बनवलेले प्रोग्रामही त्यावर चालत. त्यात तिने घरातल्या प्रत्येकाची बाहुली केली होती. तिची स्वतःची बाहुली पडद्यावर आली की हात हलवायची आणि आक्का रोज संध्याकाळी तिच्याशी गप्पा मारायची. फोटो दाखवणारा एक प्रोग्रामही होता, पण तिथवर पोचायला इतके स्क्रीन ओलांडावे लागत की आक्का वाटेतच हरवायची. म्हणून पहिल्याच स्क्रीनवर सरळ फोटोंचं बटण बसेल, अशी फाइल लेकीने पाठवली. फोनवर बजावलं, "बाबा, आधी सगळ्या मेमरीची कॉपी कार्डवर घ्या. बटण बसताना लाइट गेली, तर यंत्राची वीट होईल. नुसता ठोकळा!"

"मंग त्यातली आपली पोरगी बी जाईल व्हय?" आक्काने विचारलं. साडू त्या रात्री जेवले नाहीत.

मला शिरूरहून साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. भारनियमनाची वर्षं ती. साडूंनी लाइट नक्की असते अशी दुपार निवडली होती. तरी यंत्र आणि टीव्ही यूपीएसवर, शेजारी राखीव यूपीएस, मेमरीची कॉपी एका कार्डावर आणि कॉपीची कॉपी दुसऱ्यावर. स्विचबोर्ड आणि यूपीएससमोर आडवी खुर्ची टाकली. "आक्के, हिकडं फिरकायचं न्हाई. पाव्हणं, हात मांडीवर!" एवढं बोलून त्यांनी झेंडी दाखवली आणि फाइल सुरू केली.

निळी पट्टी सरकू लागली. कुणी शिंकेना. पट्टी निम्म्यावर आली आणि स्वयंपाकघरातला फ्रीज गप्प झाला. लाइट गेली! पण यूपीएस जागा होता, टीव्ही चालू, पट्टी सरकतेय. मी मांडीवरून हात उचलले, तेवढ्यात साडू उठले, खुर्ची ओलांडली आणि त्यांनी यूपीएसमधून यंत्राचा प्लग खसकन उपटला.

आमच्याकडे लाइट गेली की घरातला माणूस आधी प्लग काढतो, कारण परत येताना ती असा झटका देते की टीव्ही जळतो. वर्षानुवर्षांची सवय. बाकी सगळ्यांना बांधून घातलं, आणि हात सुटला तो यांचाच.

लाइट आल्यावर यंत्र लावून पाहिलं. पडदा काळा. साडू हातातल्या प्लगकडे बघत खाली बसले. मला वाटलं, आता आक्का घर डोक्यावर घेणार. ती हळूच म्हणाली, "अवो, दोन-दोन करून ठिवलंय न्हवं? मंग लावा की त्यातलं येक."

लेकीने यंत्राच्या पोटात आधीच एक चोरवाट ठेवली होती, आतली मेमरी बिघडली तरी यंत्र कार्डावरून सुरू करायची. साडू कार्डाला हातच लावेनात. शेवटी मीच ते खाचेत बसवलं. कॉपी परत उतरू लागली आणि सबंध वेळ आक्का यूपीएसपाशी वाकून दोन्ही हातांनी यंत्राचा प्लग दाबून धरत होती. साडूंनी डोळे मिटून घेतले होते.

टीव्हीतून ओळखीचा सूर वाजला. बटण काही बसलं नव्हतं, पण बाहुल्या एकेक करून उगवल्या. शेवटी लेक आली आणि तिने हात हलवला. साडूंनी डोळे उघडले, उठून उभे राहिले, आणि गुंडाळलेली झेंडी हातात धरून नुसते बघत राहिले. तेव्हा प्लग न सोडताच आक्का ओरडली,

"अवो, आता तरी हात करा की लेकीला!"