मी मारलेले तीन ट्राय

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, मला माहितीये. निदान चहाचा कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेला हे सांगत होतो, तर एकाच्या नाकातून चहा आला होता!

तर, मी अमेरिकेत रग्बी खेळलोय.

बघा, हसलात!

हो, मीच. नव्वदच्या दशकात मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत होतो. तेव्हा तर आत्ताच्या निम्माच होतो. वारा सुटला की मी बसस्टॉपच्या खांबाला धरून उभा राहायचो. असा माणूस रग्बीत घुसला कसा? अंगातल्या शर्टामुळे आणि ड्रायव्हिंग टेस्टमुळे.

शर्टाचं आधी सांगतो. नागपूरचा माणूस मी, थंडीची सवय नाही. एका घराबाहेर जुन्या कपड्यांचा सेल लागला होता, तिथं जाडजूड आडव्या पट्ट्यांचा एक शर्ट मिळाला. कॉलर पांढरी, कापड गोधडीसारखं. मी खूश! तो रग्बीचा शर्ट आहे हे मला कोण सांगणार?

आणि ड्रायव्हिंग टेस्ट? वैशाली, म्हणजे आमची सौभाग्यवती, जानेवारीत नागपूरहून यायची होती. तिला एअरपोर्टवरून स्वतः ड्राइव्ह करून घरी आणायचं, एक हात स्टिअरिंगवर, एक हात खिडकीवर, असं माझं स्वप्न होतं. पण लायसन्स मिळेल तर ना! एका महिन्यात तीनदा नापास झालो. तिसऱ्यांदा तर पॅरलल पार्किंग करताना मागचा खांबच आडवा केला.

त्याच दिवशी संध्याकाळी, तोच पट्ट्यांचा शर्ट घालून, तोंड पाडून मी बिल्डिंगच्या लाँड्रीत बसलो होतो. इतक्यात दारातून एक कपाट आत आलं. म्हणजे माणूसच, पण कपाटाएवढा. हा ग्रॅहम. वरच्या मजल्यावर राहणारा इंग्रज. इंग्लंडमध्ये तो कुठल्याशा अगदी खालच्या लीगमध्ये रग्बी खेळायचा आणि इथं येऊन त्यानं गावातली हौशी पोरं जमवून एक टीम काढली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की तो माझ्या शर्टाकडे टक लावून बघतोय.

"हाउ मेनी ट्राइज?" त्यानं विचारलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजणार? मला वाटलं, गेली बातमी बिल्डिंगभर!

"थ्री," मी मान खाली घालून म्हणालो.

"तीन? एका सीझनमध्ये?"

"एका महिन्यात."

त्याच्या हातातली कपड्यांची बादली खाली पडली. रग्बीत बॉल घेऊन समोरच्यांच्या टोकाची रेघ ओलांडायची आणि तो जमिनीला टेकवायचा, याला 'ट्राय' म्हणतात आणि त्याचे पाच पॉइंट मिळतात, हे मला बापड्याला काय माहीत!

"कोणाला लागलं वगैरे नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही. फक्त एक पोस्ट पाडला."

"यू नॉक्ड डाउन अ पोस्ट?" त्याच्या डोळ्यांपुढे गोलचा खांब!

"मागे जात होतो ना, दिसला नाही. व्हेरी सॉरी."

ग्रॅहमनं माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. म्हणाला, "शनिवारी सकाळी प्रॅक्टिसला येशील? मी तुला न्यायला येतो."

काय देवमाणूस आहे, मी मनात म्हटलं. ओळख ना पाळख, आणि ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस द्यायला तयार!

शनिवारी त्याच्या लाल गाडीतून निघालो. गावाबाहेर मक्याच्या शेतांपलीकडे एक भलंमोठं मोकळं मैदान होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, इथं पाडायला काही नाही. मग ग्रॅहमनं मला एक रबरी वस्तू दिली आणि दातांवर बसवायला सांगितली. मी घाबरलो. ह्या माणसाची शिकवायची पद्धत आहे तरी कशी?

इतक्यात वीसेक दांडगी पोरं धावत आली आणि "हाच का तो? पोस्ट पाडणारा?" म्हणत माझ्या पाठीवर थापा मारायला लागली. मधे अंडाकृती बॉल दिसला आणि माझ्या डोक्यात थोडा प्रकाश पडला. पूर्ण नाही, थोडाच.

सांगून टाकायचं होतं ना तेव्हाच? हो, पण अहो, महिनाभर परीक्षकाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला कोणी पहिल्यांदा 'ग्रेट' म्हणत होतं! मी म्हटलं, पाच मिनिटं ऐकून घेऊ, मग सांगू.

त्या पाच मिनिटांत कोणीतरी बॉल माझ्या हातात दिला आणि सगळे माझ्यावर धावून आले. मी शाळेत कबड्डी खेळलेला. शिवाय जिवाची भीती! याच्या बगलेतून, त्याच्या पायाखालून असा काही सुटलो की कोणाचा हात लागेना.

"बास!" ग्रॅहम ओरडला. "याला आता दमवू नका. पुढच्या शनिवारी खेळवू."

पुढचा शनिवार म्हणजे सीझनची शेवटची मॅच. सीझनभरात ह्या टीमनं एकही मॅच जिंकली नव्हती. लीगमध्ये सगळ्यात खालची डिव्हिजन, आणि तिच्यात सगळ्यात खाली हे. नियम मला कोणीच शिकवले नाहीत. तीन ट्राय मारणाऱ्याला काय शिकवायचं?

मीही कमी नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मेश्राम काकांकडे जेवताना पचकलो. काका आमच्या नागपूरचेच, पण अमेरिकेत माती तपासायच्या लॅबमध्ये संशोधन करायचे. गावातल्या आम्हा सगळ्या मराठी पोरांचं रविवारचं जेवण काकूंकडे.

"काका, माझं सिलेक्शन झालं. टीममध्ये."

"कायच्या?"

"रग्बीच्या."

काकांनी मला वरून खाली पाहिलं. "म्हणजे तू बॉल का?"

पण शनिवारी दोघं आले! काका खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन आणि काकू मोठ्या डब्यात बटाटेवडे घेऊन. मॅच संपली की यजमानांनी पाहुण्या टीमला जेवू घालायचं असतं, असं मी सांगितलं होतं. काकूंना एवढंच पुरलं.

ग्रॅहमनं मला 'विंग'वर, म्हणजे पार कडेला उभं केलं. चष्मा काढून ठेवावा लागला. आता चष्मा काढला की मला माणूस आणि झाड यांत फरक एवढाच कळतो की झाड हलत नाही. समोरच्या टीमचा कॅप्टन तर दोन झाडांएवढा होता.

बराच वेळ बॉल माझ्याकडे फिरकलाच नाही. मी नुसता इकडून तिकडे धावत होतो आणि काका शूटिंग करत होते. फार चांगलं चाललं होतं. शेवटची काही मिनिटं राहिली. आम्ही फक्त तीन पॉइंटनी मागे! एक ट्राय झाला की सीझनमधला पहिला विजय.

आणि आभाळातून बॉल आला. थेट माझ्या पोटावर. मी तो धरला नाही हो, त्यानंच मला धरलं!

समोरून दोन झाडं धावत आली. मी सुटलो. डावीकडे झुकांडी, उजवीकडे झुकांडी, कोणाच्या तरी ढोपराखालून बाहेर. मागं नुसती धडधड. पायाखालून एक पांढरी रेघ गेली. मैदानात एकच कल्लोळ उठला.

"डाउन! डाउन!" आमची अख्खी टीम ओरडत होती. "गेट इट डाउन!"

डाउन? मी खाली बसू? हा डोंगर मागं असताना? वेडबिड लागलंय का ह्यांना!

तेवढ्यात सगळ्या आवाजांवर काकूंचा आवाज आला. "पळ रे बाबू, पळ! थांबू नको बिलकूल!"

आता संकटात माणूस कोणाचं ऐकणार? मातृभाषेचंच! मी पळालो. मैदानाच्या हद्दीची दुसरी रेघही गेली. गवत संपलं, खडी लागली. समोर एक लाल ठिपका दिसला. ग्रॅहमची गाडी! दार उघडं होतं. आत शिरलो, दार ओढलं, चारी लॉक दाबले आणि बॉल पोटाशी धरून बसलो.

शिट्टी वाजली. लांबलचक.

हळूहळू गाडीभोवती दोन्ही टीम गोळा झाल्या. ग्रॅहमनं काचेवर टकटक केलं. मी काच बोटभर खाली केली.

"तो खाली का नाही टेकवलास?"

"कुठं?"

"जमिनीवर! मॅच संपली! त्या तीन वेळेस टेकवलास तसा टेकवायचा!"

"कुठल्या तीन वेळेस?"

"थ्री ट्राइज! तूच म्हणालास!"

"ते..." मी बॉल आणखी घट्ट धरला. "ते ड्रायव्हिंग टेस्टचे."

ग्रॅहमनं काचेला नाक लावलं.

"आणि तो पोस्ट?"

"पॅरलल पार्किंगचा."

ग्रॅहम खडीतच खाली बसला. मला वाटलं रडतोय. खांदे हलत होते. मग त्यानं तोंड वर केलं, तर गडी हसून हसून लालबुंद! दोन्ही टीम हसत होत्या. तेवढ्यात काकू गर्दीतून वाट काढत आल्या आणि म्हणाल्या, "बाहेर ये आता. वडे थंड होऊन राहिले."

संध्याकाळी क्लबच्या खोलीत जेवण झालं. समोरच्या कॅप्टननं, म्हणजे त्या दोन झाडांनी, एकट्यानं अर्धा डबा संपवला. मग तो ग्लास वाजवत उभा राहिला. पाहुण्या कॅप्टननं दिवसातला सर्वोत्तम खेळाडू निवडायचा, अशी तिथली पद्धत. तो काहीतरी बोलला, "बेस्ट प्लेयर" म्हणाला आणि बोट केलं थेट माझ्याकडे! टाळ्या, शिट्ट्या, टेबलं बडवली सगळ्यांनी. त्यानं मला एक छोटा चषकही दिला.

माझा ऊर भरून आला. शेवटी खऱ्या खेळाडूची कदर झाली! मी खुर्चीवर चढून भाषणच ठोकलं. शाळेतल्या कबड्डीच्या सरांचे आभार मानले, वैशालीचे मानले, भारतमातेचे मानले. 'पुढच्या वर्षीही मी असाच खेळेन,' असं वचन दिलं, तेव्हा समोरची टीम तर उभी राहून नाचायला लागली. आमची टीम मात्र टेबलाखाली तोंडं घालून बसली होती. मला वाटलं, भारावली असेल.

घरी जाताना काकांच्या गाडीत मी चषक मांडीवर घेऊन बसलो होतो. काका आरशातून माझ्याकडे बघत होते.

"काय रे, तो कॅप्टन काय बोलला, नीट ऐकलं का?"

"ऐकलं ना! बेस्ट प्लेयर."

"त्याच्या पुढचं?"

"पुढं टाळ्या वाजल्या."

काकांनी गाडी कडेला घेतली. हसू आवरेना त्यांना.

"अबे, तो म्हणे, आज *आमच्या टीमकडून* सगळ्यात भारी खेळला तो हाच!"